चोवीस खेळाडूंचा कौल

१

पहिल्या दिवशी बारा खेळाडूंपैकी नऊ जणांनी नव्या कन्सोलला कौल दिला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बारा खेळाडूंपैकी दहा जणांनी तोच कन्सोल झिडकारला. मधल्या काळात यंत्राच्या खोक्यावरचे सील तुटले नव्हते, आतली आज्ञावली एका अक्षरानेही बदलली नव्हती. खेळ तोच होता, टीव्ही तोच होता आणि चोवीसही खेळाडू एकाच चाळणीतून निवडलेले होते. सारेच्या सारे प्रतिस्पर्धी कंपनीच्या लोकप्रिय कन्सोलवर रोज खेळणारे, आणि त्याच्या बाजूने जीव तोडून भांडणारे. दोन दिवसांपैकी एक दिवस खोटा होता, हे उघड होते. कोणता खोटा, याविषयी मात्र कंपनीत कोणालाही शंका नव्हती, आणि साऱ्या घोटाळ्याचे मूळ या निःशंकपणातच होते.

"घातपात आहे हा," रचनाकार बाई म्हणाल्या. आठ वर्षे खपून हे यंत्र त्यांनी उभे केले होते. बोलताना त्यांनी आपल्या भावाकडे पाहिलेही नाही. "परवा रात्रीतून कोणीतरी माझ्या यंत्राचा गळा दाबला."

त्यांचा थोरला भाऊ कंपनीचा अध्यक्ष होता. "गळा दाबला तर खूण राहते ना गं? सकाळपासून तुझीच माणसं यंत्र उलटंपालटं करताहेत. काय सापडलं? भोपळा!"

"दादा, तुला ते सापडायला नकोच आहे."

"मला काय हवंय ते मी लेखी दिलंय. बारात आठ. दोन्ही दिवशी आठ जणांनी घेतलं तर यंत्र बाजारात जाईल, सातांनी घेतलं तर तुझ्या विभागाला कुलूप. काल दोन मिळाले. दोन!" मग अध्यक्ष कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळले. "मास्तर, हिच्या हट्टापायी तुम्हाला बोलावलंय. आज पाच वाजता मी कुलपावर सही करणार. तोवर काय उकरायचं ते उकरा."

खुर्चीतल्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी कधी शिकवले नव्हते. परीक्षा मंडळात तीस वर्षे त्यांनी एकच काम केले होते: उत्तरपत्रिकांतली कॉपी पकडणे. निवृत्तीनंतर खाजगी तपास करीत. त्यांना जेवायला कोणी बोलावत नसे, कारण ते यजमानालाही प्रश्न विचारीत.

"तुम्हा दोघांखेरीज या यंत्राशी कोणाचा संबंध?" त्यांनी विचारले.

"चाचणीदालन सांभाळणाऱ्या बाई," अध्यक्ष म्हणाले, "आणि आमचे जावईबापू. म्हणजे हिचे यजमान. विक्री त्यांच्याकडे आहे. टीव्हीच्या दुकानात उभे राहून गिऱ्हाईकांना हाका मारायचे, तिथून उचलून मी इथे खुर्चीत बसवलं. आता मलाच बाजार शिकवतात."

"ते यंत्राच्या बाजूचे की विरोधातले?"

बहीणभावांनी एकाच वेळी उत्तर दिले, आणि त्या सकाळी त्यांचे एकमत झाले ते एवढ्याच बाबतीत.

"विरोधातले."

२

रचनाकार बाईंच्या कार्यशाळेत टेबलावर उघडलेले कंट्रोलर ओळीने मांडलेले होते. काहींची बटणे काढलेली, काहींच्या पोटातल्या तारा बाहेर आलेल्या. बाईंनी मास्तरांना बसायला सांगितले नाही. मास्तर उभ्यानेच बोलू लागले.

"खेळाडूंची तक्रार नेमकी काय होती?"

"बटण दाबल्यावर पडद्यावरचा माणूस उशिरा उडी मारतो. पापणी लवते ना, तेवढाच उशीर. तुम्हाला कळणारही नाही. पण रोज खेळणाऱ्याला कळतो, आणि एकदा कळला की तो त्या यंत्राचं तोंड पाहत नाही. माझं सगळं यंत्र याच एका गोष्टीवर उभं आहे हो. बोट आणि पडदा यांच्यामध्ये काही असूच नये. आणि नेमकी तीच तक्रार!"

"यंत्र तपासलंत?"

"तीनदा. ठणठणीत आहे."

"मग टीव्ही?"

बाई कडवट हसल्या. "टीव्ही दोघांना एकच आहे, मास्तर. तो मंद असता तर दोन्ही यंत्रं मंद झाली असती. शिवाय गेल्या आठवड्यात मी स्वतः तो खेळासाठी लावून ठेवला होता. कोणी लहान मूलही हे विचारणार नाही."

"मी विचारतो. माझी त्यातच हयात गेली. बरं, खेळाडूंना यंत्र ओळखू येतं का?"

"येणार नाही अशी सोय केली आहे. दोन्ही यंत्रं बंद कपाटात. बाहेर एकाच साच्याचे, एकाच रंगाचे कंट्रोलर. दहा मिनिटं एकावर, दहा मिनिटं दुसऱ्यावर, मग कागदावर खूण करून पाकिटात टाकायचं. चाचणीचे सतरा नियम आहेत, सगळे मी लिहिले. दादाने वाचून सही केली, दालनवाल्या बाईंनी केली."

"तुमच्या यजमानांनी?"

"त्यांचा काय संबंध? त्यांना पहिल्या दिवशीच्या मांडणीचा एक कागद गेला होता, बस्स. पाहुणा म्हणून." त्या पुढे म्हणाल्या, "घरी यंत्राचा विषय बंद आहे. दोन वर्षं झाली. जेवताना ताटं आपटायची वेळ आली, तेव्हा ठरवलं, घरात या विषयावर कोणी बोलायचं नाही. आता भाजीत मीठ आहे का, एवढंच बोलतो."

"त्यांनीच बिघाड केला असं वाटतं तुम्हाला?"

बाईंनी एक कंट्रोलर उचलला, त्याचे बटण दोनदा दाबले आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"वाटत नाही," त्या म्हणाल्या. "खात्री आहे."

३

विक्रीप्रमुखांच्या खोलीत टीव्ही भिंतभर होता आणि त्यावर एक मासा अतिशय संथपणे, लोण्यातून पोहावे तसा पोहत होता. गृहस्थ गोरे, नीटनेटके, आणि मास्तरांना पाहताच चिडलेले.

"या. बायकोने पाठवलं असेल. गुन्हेगार इकडे बसतो!"

"तुम्ही यंत्राच्या विरोधात आहात."

"मी खोटं बोलण्याच्या विरोधात आहे. ऐका मास्तर. माणूस कन्सोल कशाला घेतो? यंत्र चांगलं म्हणून? छे! त्याचे चार मित्र त्यावर खेळतात म्हणून. सगळी गल्ली एका अंगणात खेळत असताना तुम्ही शेजारी संगमरवरी अंगण बांधा, कोण येणार? एकटं उभं राहायला? हे मी आठ वर्षं सांगतोय. तिला वाटतं, मी तिला कमी लेखतो."

"लेखता का?"

"तिच्याइतकी हुशार बाई मी पाहिली नाही. म्हणून तर..." त्यांनी हात झटकला. "जाऊ द्या."

"चाचणीच्या दिवशी दालनात गेला होतात?"

"पहिल्या सकाळी गेलो होतो, खेळाडू यायच्या आधी. अध्यक्ष आले होते, ती आली होती, मीही. सगळेच बघून गेले. दुसऱ्या दिवशी मी फिरकलो नाही. काय फिरकणार? आपलं यंत्र पहिल्या दिवशी डाव्या कप्प्यात, दुसऱ्या दिवशीही डाव्या कप्प्यात. यंत्र तेच, जागा तीच. पहिल्या दिवशी नऊ जण आणि दुसऱ्या दिवशी दोन? माझं तर डोकंच चालेनासं झालं."

"म्हणजे निकाल ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटलं."

"वाटणार नाही?"

"ज्याला यंत्र हरणारच याची खात्री आहे, त्याला ते हरल्याचं आश्चर्य वाटू नये. जिंकल्याचं वाटावं. तुम्हाला पहिल्या दिवशीच्या नऊंचं आश्चर्य वाटलं का?"

विक्रीप्रमुखांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. मासा अर्ध्यात नाहीसा झाला.

"माझ्यामागे लागण्यापेक्षा," ते दात आवळून म्हणाले, "दालनवाल्या बाईंचा खण उघडून पाहा. प्रतिस्पर्ध्यांचं पत्र आहे त्यात. नोकरीचं!"

४

पत्र होते. दालन सांभाळणाऱ्या बाईंनी ते स्वतःच काढून मास्तरांपुढे टाकले.

"घ्या, वाचा. पगार इथल्याहून जास्त. चार महिन्यांपूर्वी आलं. मी नाही म्हणून कळवलं, आणि हे सगळ्यांना माहीत आहे. पण आज कोणीतरी बळी द्यायचाय ना? मग माझाच सोपा. ना मी कोणाची बहीण, ना कोणाची बायको."

"हे पत्र मी वाचणार नाही," मास्तर म्हणाले. "मला खेळाडूंचे कागद हवेत."

"निकालाचा तक्ता अध्यक्षांकडे दिलाय."

"तक्ता तुम्ही केलेला आहे. मला खेळाडूंनी केलेलं हवंय."

तक्ता करून पुन्हा चिकटवलेली दोन पाकिटे बाईंनी नाइलाजाने फोडली. निर्णय होईपर्यंत ती कोणी उघडू नयेत, असा नियम होता आणि त्यांच्याखेरीज कोणी ते कागद पाहिलेले नव्हते. मास्तरांनी चष्मा बदलला आणि चोवीस कागद टेबलावर दोन ओळींत लावले. खेळाडूंना यंत्रांची नावे ठाऊक नसल्यामुळे कागदावर दोनच चौकटी होत्या, 'डावा' आणि 'उजवा'. खाली शेऱ्यासाठी तीन ओळी होत्या.

परीक्षा मंडळात मास्तर बरोबर उत्तरांकडे पाहत नसत. बरोबर उत्तर शंभर मुलांचे सारखेच असणार. दोन पत्रिकांत एकच विचित्र चूक दिसली, की ते थांबत. त्या सवयीने त्यांनी खुणा सोडल्या आणि शेरे वाचायला घेतले. एक वाचला, मग दुसऱ्या ओळीतला एक, मग पुन्हा पहिल्या ओळीतला. वाचता वाचता ते खुर्चीत पुढे सरकले.

"बाई, हा पहिल्या दिवसाचा कागद ना?"

"हो."

"यात लिहिलंय, 'उजवा उशिरा ऐकतो.' आणि हा पहिल्याच दिवसाचा: 'उजव्याची बटणं आळशी.' हा तिसरा: 'उजवा हातात झोपतो.' आता दुसऱ्या दिवसाचे पाहा. 'उजवा मागे राहतो.' 'उजवा उशिरा उडी मारतो.' दोन्ही दिवस तक्रार एक, आणि दोन्ही दिवस उजव्याचीच. पण नवं यंत्र तर डावीकडे होतं."

"पहिल्या दिवशी," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"दुसऱ्या दिवशी मी यंत्रांची अदलाबदल केली. डाव्या कप्प्यातलं उजव्यात, उजव्यातलं डाव्यात. नियम अकरावा. माणसाचा हात सवयीने एका बाजूला झुकतो, त्याचा फायदा एकाच यंत्राला मिळू नये म्हणून. तारा मात्र कप्प्यांना कायमच्या जोडलेल्या आहेत, त्या तशाच राहतात. मग मी संध्याकाळी 'डावा-उजवा' काढून यंत्रांची नावं घातली आणि तक्ता केला."

मास्तरांनी पेन्सिलीने कागदांवर मोजायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी डाव्याला नऊ. दुसऱ्या दिवशी डाव्याला दहा. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"बाई, सगळी कंपनी सकाळपासून विचारतेय, की खेळाडू एका दिवसात फिरले कसे. खेळाडू फिरलेच नाहीत! चोवीसांतले एकोणीस जण एकच गोष्ट सांगताहेत. फिरलं ते यंत्र. जा, त्या तिघांनाही इथे बोलवा. आणि तुमच्या टीव्हीचा रिमोट कुठे असतो ते सांगा."

"तो तर टेबलावरच असतो," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. "कोणीही उचलावा असा."

५

चार वाजायला आले होते. दालनाच्या मध्यभागी टीव्ही, त्यापुढे टेबल आणि टेबलावर दोन राखाडी कंट्रोलर. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत होते. त्यांची बहीण आणि मेव्हणे यांच्यामध्ये दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. दालनवाल्या बाई कपाटापाशी उभ्या होत्या.

मास्तरांनी रिमोट बाईंच्या हाती दिला. "डाव्या तारेची व्यवस्था उघडून दाखवा."

"खेळासाठी लावलेली आहे," बाई वाचून म्हणाल्या.

"आता उजव्या तारेची."

बाईंनी बटण दाबले आणि त्या वाचतच राहिल्या. रचनाकार बाई खुर्चीतून उठल्या.

"हे कोणी केलं? चित्र नितळ करायची सोय चालू आहे! पण हे... हे फक्त एकाच तारेला?"

"अध्यक्षांसाठी उलगडून सांगा."

"प्रत्येक तारेची व्यवस्था टीव्ही वेगळी लक्षात ठेवतो, दादा. ही सोय लावली की टीव्ही प्रत्येक चित्र क्षणभर अडवतो, घासूनपुसून मग दाखवतो. सिनेमा छान दिसतो. खेळात मात्र बोट पुढे जातं आणि पडदा मागे राहतो. सकाळी यांनी मला विचारलं होतं, मी हसले. दोघांना टीव्ही एकच म्हणून मी... मी पाहिलंच नाही."

"तुम्ही एकट्या नाही," मास्तर म्हणाले. "दोन्ही पक्षांना जे समान, त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. आता तर्क पाहा. ही सोय आपोआप लागली असती तर दोन्ही तारांना लागली असती. एकीलाच लागली, म्हणजे हाताने लावली. कधी? पहिल्या दिवशीचे खेळाडूही उजव्याच्या नावाने रडताहेत, म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी, खेळ सुरू व्हायच्या आधी. आणि त्या दिवशी उजव्या कप्प्यात कोणतं यंत्र होतं?"

"त्यांचं," दालनवाल्या बाई म्हणाल्या. "प्रतिस्पर्ध्यांचं."

"तेव्हा घातपात नव्या यंत्रावर झालाच नाही. तो जुन्यावर झाला. कोणीतरी नवं यंत्र जिंकावं म्हणून समोरच्याच्या पायात साखळी अडकवली. दुसऱ्या दिवशी यंत्रांची जागा बदलली आणि तीच साखळी नव्याच्या पायात पडली. खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडला, कारण अकरावा नियम त्याला ठाऊक नव्हता."

अध्यक्ष चुळबुळले. "माझ्याकडे का बघता? मला नवं यंत्र जिंकायला कशाला हवंय?"

"तुम्हाला नको होतं, आणि तुम्ही नियमांवर सहीही केली आहे. वाचून. बहिणीचा तो नियम तुम्हाला माहीत होता. तिने तर तो लिहिलाच. या बाईंनी अदलाबदल स्वतःच्या हाताने केली. तिघांपैकी कोणी उजवी तार बिघडवली असती, तर त्याच संध्याकाळी ती पूर्ववत करून डावी बिघडवली असती. तसं झालं नाही. उरला तो, ज्याच्याकडे पहिल्या दिवसाच्या मांडणीचा कागद तेवढा होता. ज्याने आज सकाळी मला सांगितलं, 'आपलं यंत्र दुसऱ्या दिवशीही डाव्या कप्प्यात.' ज्याने उमेदीची वर्षं टीव्हीच्या दुकानात काढली, जिथे गिऱ्हाईक भुलावं म्हणून प्रत्येक पडद्यावर हीच सोय लावून ठेवतात. आजही त्याच्या खोलीतला मासा तसाच पोहतो."

रचनाकार बाई अगदी हळूहळू नवऱ्याकडे वळल्या. सकाळपासून त्या त्याच माणसावर आरोप करीत होत्या, आणि आरोप खरा ठरला होता, पण असा नव्हे.

"तू?" त्या म्हणाल्या. "माझ्या बाजूने?"

विक्रीप्रमुखांनी मान खाली घातली. "तू हरलेली मला बघवली नसतीस. आठ वर्षं तू... मला वाटलं, एकदा बारात आठ मिळाले की दादासाहेब गप्प बसतील, यंत्र बाजारात जाईल, मग पुढचं पुढे. मी विरोधात बोलत राहिलो म्हणजे कोणाला संशय येणार नाही."

"म्हणजे तुला खात्री होती, की सरळ खेळून मी जिंकणार नाही."

"तसं नाही..."

"तसंच आहे! वैऱ्याने केलं असतं तर निदान त्याला माझी भीती वाटली म्हणून केलं असं झालं असतं. तुला माझी दया आली?"

"ताटावर विषय बंद केला नसतास," नवरा एकदम उसळला, "तर तुझा तो अकरावा नियम मला कळला असता!"

"आणि मग काय केलं असतंस? दोन्ही तारा बिघडवल्या असत्यास?"

अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "पुरे! तुमचं घर तुमच्या घरी. मास्तर, म्हणजे दोन्ही दिवसांचे निकाल रद्द?"

"दोन्ही."

"मग माझा नियम तसाच आहे, बारात आठ. राखीव यादीतले बारा खेळाडू उद्या सकाळी बोलवा. दोन्ही तारा सारख्या. आणि जावईबापू दालनाच्या बाहेर, दाराला पाठ लावून."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता चाचणी सुरू झाली. टीव्हीची व्यवस्था रचनाकार बाईंनी लावली आणि दालनवाल्या बाईंनी ती दर खेळाडूनंतर उघडून तपासली. मास्तर रिमोट खिशात घालून बसले. यंत्रे कोणत्या कप्प्यात हे दालनवाल्या बाईंनी एकट्यांनीच ठरवले आणि कोणाला सांगितले नाही. खेळाडू एकामागून एक येत होते. एक बसचालक होता, एक दाढीवाला विद्यार्थी, एक परिचारिका, दोन सख्खे भाऊ, जे दालनातही एकमेकांना टोमणे मारीत होते. "तुझ्या उड्या बघून यंत्रच परत मागतील," थोरला म्हणाला. धाकटा म्हणाला, "तू खेळलास की टीव्हीच लाजतो."

रचनाकार बाईंना पडदा दिसत होता, पण कोणते यंत्र चालू आहे ते कळत नव्हते. तरी त्या प्रत्येक उडीबरोबर अंगठा तळहातावर दाबत होत्या.

एक वाजता पाकीट फुटले. दालनवाल्या बाईंनी कागद मोजले, पुन्हा मोजले, मग अध्यक्षांपुढे ठेवले.

"नव्याला सात," त्या म्हणाल्या. "जुन्याला पाच."

बाहेरून दार उघडून विक्रीप्रमुख आत आले. त्यांना कोणी अडवले नाही.

"सात!" ते म्हणाले. "दादासाहेब, अहो सात म्हणजे काय, ते तुमच्या लक्षात येतंय का? ही माणसं त्या जुन्या यंत्रावर पाच-पाच वर्षं खेळलेली आहेत. त्यांचे हात त्यावर वळलेले आहेत. दहा मिनिटांत सात जणांनी पाठ फिरवली! मी वीस वर्षं माल विकतोय, असं कधी पाहिलं नाही. मी चुकलो होतो. हे यंत्र माणसं खेचेल."

अध्यक्ष कागदांवरून नजर न हलवता म्हणाले, "माझा नियम आठाचा आहे."

"एकाने काय होतं? मी हमी देतो ना! विक्रीची जबाबदारी माझी."

अध्यक्षांनी आता डोके वर केले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणून तो अधिक कठोर वाटला.

"जावईबापू, खरं सांगू? चार दिवसांपूर्वी तुम्ही माझ्या खोलीत येऊन एवढंच म्हणाला असतात, की दादासाहेब, यंत्र विकलं जाईल, तर मी आठाचे सात केले असते. सहाही केले असते. बाजाराच्या बाबतीत तुमचा शब्द मी कधी मोडला नाही, म्हणून तर तुम्ही नको म्हणता म्हणून मीही नको म्हणत आलो. पण आता तुमच्या हमीचं मी काय करू? तिच्यासाठी तुम्ही टीव्ही फिरवता, तर जीभ फिरवणार नाही कशावरून?"

मास्तर, जे कधी कोणाच्या मध्ये पडत नसत, त्यांनी यावेळीही पडायचे टाळले. तर्काने सुटण्यासारखे तिथे काही उरलेले नव्हते. ते टोपी घेऊन दारापाशी गेले, पण निघाले नाहीत.

"मी खरं बोलतोय," विक्रीप्रमुख बायकोकडे वळले. "तू तरी सांग त्यांना. यंत्र उत्तम आहे, हे मी मनापासून म्हणतोय."

रचनाकार बाईंनी विचारले,

"तू त्यावर कधी खेळलास?"

"काय?"

"साधा प्रश्न आहे. आठ वर्षं झाली. कार्यशाळा तुझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर आहे. उत्तम आहे म्हणतोस, हरेल म्हणत होतास. खेळलास कधी?"

विक्रीप्रमुखांनी अध्यक्षांकडे पाहिले, दालनवाल्या बाईंकडे पाहिले, शेवटी मास्तरांकडेही पाहिले.

"एकदाही नाही," ते म्हणाले.

अध्यक्षांनी कुलपाच्या कागदावर सही केली आणि पेन मिटले. दालनवाल्या बाई कपाटाचे दार उघडून नवे यंत्र बाहेर काढू लागल्या. ते त्यांना एकटीला पेलत नव्हते, म्हणून मास्तरांनी टोपी खाली ठेवून एका बाजूने हात लावला.

टेबलावर दोन कंट्रोलर अजून तसेच होते. विक्रीप्रमुख खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले आणि त्यांनी संकोचत एकाकडे हात नेला. "आता खेळतो," ते म्हणाले. "तू शिकव. कोणतं बटण आधी?"

रचनाकार बाईंनी दोन्ही कंट्रोलरच्या तारा ओढून काढल्या, त्या मनगटाभोवती गुंडाळल्या, आणि नवऱ्याला ओलांडून त्या यंत्राची दुसरी बाजू धरायला गेल्या.